अवरेकाईच्या दिवसांतला वर्ग

सकाळी पिशवी घेऊन गांधी बझारच्या वळणावर पोचले आणि भाजीवाल्या दिसायच्या आधी वास आला. यंदाही अवरेकाई आली म्हणायची. रस्त्याच्या कडेला गोणपाटांवर हिरव्या शेंगांचे ढीग, ढिगापाशी वाकलेल्या बायका आणि प्रत्येकीच्या नाकाशी एक शेंग. अवरेकाई म्हणजे आपला पावटाच, असं मी महाराष्ट्रातून नव्यानं आलेल्यांना सांगते खरी, पण सांगताना माझं मलाच पटत नाही. मार्गशीर्षातल्या दवानं या शेंगांवर एक तेलकट सुवास चढतो. त्याला कन्नडात सोगडु म्हणतात. तो बोटांना लागला की साबणानंही जात नाही, आणि कुणी घालवायला जातही नाही.

"सोगडु नोडि, अक्का," म्हणत भाजीवालीनं एक शेंग चोळून माझ्या पुढे धरली. वास बघा, म्हणत होती. मी बघितला, आणि मला दोन वर्षांमागचा तो माडीवरचा वर्ग आठवला, ओल्या सतरंजीसकट. दोन किलो घ्यायला आले होते, चार किलो घेतल्या.

आमचे पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे बेंगळुरात आले आणि परत जायचं विसरले. तेव्हापासून आमच्या घरातली मराठी कन्नडच्या शेजारात वाढली. आम्ही 'थोडं' म्हणत नाही, 'स्वल्प' म्हणतो. 'बरं'च्या जागी आमचं 'सरी' असतं. थोरली बहीण ती अक्का, थोरला भाऊ तो अण्णा. मी तीस वर्षं टेलिफोन खात्यात नोकरी केली, दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं एकमेकांना जोडून दिलं, आणि संध्याकाळी घरी येऊन ही आमची मिसळलेली भाषा बोलले. तिची मला कधी लाज वाटली नव्हती, निदान बसवनगुडीत तरी नाही.

निवृत्त झाल्यावर इथल्या मराठी समाजाच्या मंडळींनी विचारलं, सभागृहाच्या माडीवर रविवारी मुलांना मराठी शिकवाल का? मी मोठ्या हौसेनं हो म्हटलं. मुलं कोण, तर आयटीतल्या नव्या कुटुंबांची. आईबाप पुण्या-मुंबईचे, राहणं महादेवपुऱ्याच्या उंच इमारतींत, शाळा इंग्रजी, मैदानात हिंदी, शाळेच्या वेळापत्रकात कन्नड. दोन मेट्रो बदलून ही मंडळी रविवारी दहाला हजर. आया माझ्याशी स्वच्छ पुणेरी बोलल्या आणि मी एकेक शब्द तपासून बोलायला लागले.

मग मी एक उद्योग सुरू केला. शनिवारी बसून उद्या काय काय बोलायचं ते वहीत लिहून काढायचं, त्यातले 'स्वल्प' आणि 'सरी' लाल पेनानं खोडायचे आणि छापील मराठी पाठ करून जायचं. यजमान दारातून डोकावून म्हणायचे, "नाटकाला निघालीस की शिकवायला?" मी त्यांच्याकडे दुर्लक्ष करत असे.

मुलं नऊ होती. नऊच्या नऊ कंटाळलेली. त्यांचा कंटाळा उद्धट नव्हता, उलट फार सभ्य होता, आणि तेच जास्त लागायचं. मी चित्रं नेली, खेळ नेले, चांगल्या उत्तराला चांदणी चिकटवायचा तक्ता केला. मुलं चांदण्या घ्यायची आणि "थँक यू मॅम" म्हणायची. मी म्हणे, मराठीत. की मग गप्प. मोबाइलवर मी 'विद्यार्थ्यांमध्ये उत्साह कसा निर्माण करावा' अशी व्याख्यानं ऐकली. त्यात सांगणाऱ्या बाईंचाच उत्साह इतका दांडगा होता की मी ऐकूनच दमले.

या नवांत एक रेवा होती. बारा वर्षांची, कपाळावर केस ओढून घेऊन बसणारी. बाकीची निदान "हो", "नाही" म्हणायची, ही तेही नाही. विचारलं की सतरंजीचा दोरा ओढत राहायची. सहा रविवार गेले, ओठ उघडला नाही.

शेवटी तिच्या आईला, मधुराला, जिन्यात गाठून मी सांगून टाकलं, "हिला कशाचीच गोडी नाही हो. उगाच कशाला दोन-दोन तास प्रवास करवता पोरीला?"

मधुरा दोन पायऱ्या खाली उतरली होती, ती तिथंच कठड्याला टेकली. म्हणाली, "मॅडम, गोडीसाठी नाही आणत मी तिला. माझे बाबा जयसिंगपूरहून आलेत आमच्याकडे राहायला. आई गेल्यावर तिथं एकटे होते, दोनदा चक्कर येऊन पडले. इथं कायमचं आणायचं म्हणून आणलं. पण ही त्यांच्याशी एक शब्द बोलत नाही. ते विचारतात, ही मान हलवते आणि खोलीत जाते. आम्ही दोघं ऑफिसला. चौदाव्या मजल्यावर दिवसभर भिंतीशी किती बोलतील? संक्रांतीनंतरचं परतीचं तिकीट काढलंय त्यांनी. मी अडवलं तर म्हणाले, पोरीला मी नकोय, बाळ."

मी बोटांवर आठवडे मोजले. संक्रांत पाच आठवड्यांवर होती.

त्या रात्री झोप आली नाही असं वगैरे काही झालं नाही. मी छान झोपले. उलट माझी एक सुटका झाल्यासारखं वाटलं होतं, की दोष घरातला आहे, माझ्या शिकवण्यातला नाही. माणूस स्वतःला किती लवकर माफ करतो!

पुढच्या शनिवारी जाऊबाईंचा फोन आला की रविवारी रात्री आम्ही आठजण जेवायला येतो, आणि हितकिदबेळे कर. आता हे प्रकरण काय, ते सांगायला हवं. अवरेकाईच्या शेंगा सोलून दाणे काढायचे, ते रात्रभर भिजत घालायचे आणि सकाळी एकेक दाणा अंगठा आणि तर्जनीत धरून चिमटायचा. साल बोटांत राहते, आतला गर सुळकन बाहेर उडतो. ते गर म्हणजे हितकिदबेळे. त्याची आमटी एकदा खाल्ली की जन्मभर डिसेंबरची वाट बघावी. पण आठ माणसांपुरते दाणे चिमटायचे म्हणजे एकट्या बाईचं काम नाही. बेंगळुरातल्या जुन्या घरांत या दिवसांत सगळं घर परातीभोवती बसतं, पाहुणा आला तर तोही बसतो. चहा नंतर, आधी चिमटा.

आमच्या घरी यजमानांचा हात प्लास्टरमध्ये. रविवारी सकाळी दहाला माझा वर्ग. मी सरळ भिजलेले दाणे पातेल्यात भरले, वर ओलं फडकं बांधलं, परात काखेत मारली आणि रिक्षानं सभागृहात गेले. वही घरीच राहिली. हे सगळं मी फार विचारपूर्वक, शिक्षणपद्धती म्हणून केलं असं आज सांगता आलं असतं. तसं नव्हतं. मला आमटी वेळेवर हवी होती.

"आज पुस्तक नको," मी मुलांना म्हटलं, "इकडे या, हात धुऊन परातीभोवती बसा. हे बघा, असं धरायचं आणि असं हितकायचं."

दाणा सुळकन उडाला तो थेट फळ्याला लागला. मुलं प्रथमच हसली. मग नऊ जणांनी अठरा हात घातले आणि सतरंजीवर, खिडकीत, माझ्या अंबाड्यात दाणे उडू लागले. इतक्यात एकीनं विचारलं, "मॅम, हितकायचं हा मराठी वर्ड आहे?"

मी थांबले. वहीत असता तर लाल पेनानं खोडला गेला असता तो शब्द. कन्नड शब्दाला आमच्या पणज्यांनी मराठी शेपूट लावून दिलेलं. नऊ तोंडं माझ्याकडे बघत होती, आणि एकदम मला ते पुण्याचं जेवणघर दिसलं.

मी तेव्हा साधारण रेवाएवढी. मे महिन्याच्या सुट्टीत आईच्या मावसबहिणीकडे पुण्याला गेले होते. पहिल्याच दिवशी पंगतीत मी म्हणाले, "मावशी, स्वल्प भात वाढ, सरी?" चार मावसभावंडांची हसता हसता पुरेवाट झाली. दिवसभर "स्वल्प भात, स्वल्प भात" चाललं होतं. मुलं वाईट नव्हती, नंतर आमची चांगली मैत्री झाली. पण त्या सुट्टीत मी तोंड मिटलं ते मिटलंच. काही हवं असलं तरी मागितलं नाही. आंब्याची फोडसुद्धा पुढे आली तर घेतली. तीन आठवड्यांनी मला परत पाठवताना मावशीनं आईला पत्र लिहिलं. आईनं ते मला वाचून दाखवलं होतं. पोर गुणी आहे हो, पण तिला कशाचीच गोडी नाही.

मला जिन्यात उभी असलेली मी आठवले. तेच वाक्य, शब्द न शब्द. हातातला दाणा हातातच राहिला.

"नाही," मी मुलांना म्हटलं. "हा पुस्तकातला शब्द नाही. आमच्या घरचा आहे. मी घरी अशीच बोलते. तुमच्यासमोर नाही बोलत, कारण मला भीती वाटते." मग मी त्यांना पुण्याची सगळी गोष्ट सांगितली, आमच्या घरच्या मराठीत, 'स्वल्प' आणि 'सरी'सकट. मुलं चिमटायची थांबली होती. परातीपलीकडून कुणीतरी बारीक आवाजात विचारलं, "मग तुम्ही काय केलं?"

रेवा होती. मान खालीच, बोटं दाण्यावर.

"गप्प बसले."

"किती डेज?"

"पूर्ण सुट्टी."

तिनं एक दाणा चिमटला, तो परातीत टाकला, मग दुसरा. मला वाटलं, संपलं. मी इतर मुलांकडे वळणार तोच ती म्हणाली, "मी बोलते ना, तर आजोबा हसतात."

एवढंच. मी पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर ते दार पुन्हा लागलं असतं, हे आता मला पुण्याच्या त्या सुट्टीवरून कळत होतं. नुसतं म्हटलं, "सरी. दाणे संपवू या." त्या दिवशी वर्गात इंग्रजी, हिंदी, कन्नड आणि मराठी इतकं मिसळून बोललं गेलं की छापील मराठीला घेरी आली असती. मी एकही वाक्य सुधारलं नाही. तोंड उघडायला सहा आठवडे लागले होते, ते लगेच धुवायला कशाला घ्यायचं?

खाली मधुरा न्यायला आली तेव्हा मी तिची माफी मागितली, जिन्यातल्या त्या बोलण्याबद्दल. आणि म्हटलं, "पुढच्या रविवारी बाबांना पाठवा. सांगा, दाणे चिमटायला माणूस कमी पडतो."

आजोबा आले. पांढरा सदरा, करड्या रंगाची विजार, उंच, हात रुंद. आयुष्यभर एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. मुलं वर गेली, मी त्यांना खालच्या ओट्यावर बसवलं आणि सरळ विचारलं, "आजोबा, नातीला हसता काय तुम्ही?"

"कोण, मी?" ते गोंधळले. मग चेहरा उजळला. "अवो म्याडम, आलो त्याच दिवशी पोरगी मला म्हणली, आजोबा, तुमची भूक आली का? आता काय सांगू तुमाला! माझी नात माझ्याशी मराठी बोलली. मला एवढं हसू फुटलं, डोळ्यातनं पाणी आलं. तसाच दोस्ताला फोन लावून सांगितलं की सगळं. कौतुकानं हसलो वो मी!"

"तिनं ऐकलं फोनवरचं?"

"तिथंच हुती की ती, समोर."

मग त्यांचं त्यांनाच उमगलं. हसू तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे बदलले. त्यांनी आपले दोन्ही तळहात पुढे धरून बघितले. म्हणाले, "पस्तीस वर्सं गाडीचा नुसता आवाज ऐकून सांगितलं, काय दुखतंय ते. आणि घरातल्या पोरीचं नाही कळलं मला." मी कॉफी आणायच्या निमित्तानं आत गेले. पुरुषमाणसाला डोळे पुसायला अवकाश द्यावा लागतो.

वर आल्यावर त्यांनी परातीशी मांडी घातली. आता या हातांनी इंजिनं उघडली, तर दाणा काय मोठा, असं मला वाटलं होतं. पण त्या जाड बोटांत दाणा सापडेचना. एक चेंगरला, एक माझ्या चष्म्यावर आला, एक त्यांच्याच कानात गेला. मुलं गडाबडा लोळली. रेवासुद्धा हसली, तोंडावर हात ठेवून, मग हात काढून. आजोबांनी कानातला दाणा काढला, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हसतीस काय? शिकीव की मला."

तिनं शिकवलं. "असं नाही आजोबा. स्वल्प हळू." 'स्वल्प' माझा होता. मी खिडकीकडे तोंड केलं. मला रडू येत होतं, ते लपवायचं होतं.

पुढचे रविवार ते येत राहिले. वाटेत मेट्रोत ती त्यांना शाळेतलं कन्नड शिकवायची आणि खाली फाटकाशी ते वॉचमनवर त्याचा प्रयोग करायचे. वॉचमन चकित, नात बेजार, म्हातारा खूश. ते मुद्दाम चुकत असावेत असा मला संशय होता. एकदा विचारलं तर म्हणाले, "मुद्दाम कुठलं! मला खरंच येत न्हाई. पण न्हाई आलं तर काय बिघडतं, हे तिनं बघाया नको?" माझ्या चांदण्यांच्या तक्त्यात हे नव्हतं.

सगळ्याच मुलांचं असं झालं, असं नाही. दोघं जानेवारीत पोहण्याच्या वर्गाला निघून गेली. एका मुलीनं मला स्पष्ट सांगितलं की तिला मराठी आवडत नाही, हितकायला आवडतं. तीही येत राहिली, मी तिला येऊ दिलं. आता कुणी शिक्षिका मला म्हणाली की अमक्या मुलाला गोडीच नाही, तर मी विचारते, त्याला कोण हसलं होतं? पुष्कळदा उत्तर मिळत नाही. कंटाळा खरोखरचाही असतो. पण विचारून बघायला काय जातं?

संक्रांत आली. इकडे एळ्ळु-बेल्ल वाटतात, म्हणजे तीळ, गूळ, सुकं खोबरं, शेंगदाणे आणि डाळं एकत्र. देताना चांगलं बोला म्हणतात, आणि तिकडे तिळगूळ देताना आपण गोड बोला म्हणतो. दोन्ही भाषांना एकाच दिवशी तीच काळजी. मी मात्र त्या सकाळी देवापुढे वाटी ठेवताना मनात म्हटलं, गोड नसलं तरी चालेल, बोलू दे. कारण तिकीट चार दिवसांवर होतं आणि रद्द झालेलं नव्हतं. मधुरानं विचारलं तर ते नुसते "बघू" म्हणायचे. बॅग भरून दाराशी ठेवलेली.

पुढच्या रविवारी मी जिन्याशीच उभी होते. आधी रेवा दिसली, तिच्यामागे पांढरा सदरा. मला हसू आवरेना.

"गेला नाहीत?"

"न्हाई." ते दोन पायऱ्या चढून थांबले, दम खात. "रातच्याला जेवाया बसलो हुतो. पोरगी म्हणली, आजोबा, आज दिवसभर काय केलं? म्याडम, माझी मंडळी गेल्यापासनं हे मला कुणी विचारलं नव्हतं. सांगाया बसलो तर आमटी निवली. मग म्हणलं, उद्याबी विचारंल. परवाबी विचारंल. तिकडं कुलपाला काय सांगत बसू?"

रेवा वरच्या पायरीवरून ओरडली, "आजोबा, चला ना, लेट होतंय!" ते तिच्यामागे निघाले, कठड्याला धरून, पण घाईनं.

आता तिचं आठवीचं वर्ष, रविवारी कसलेकसले शिकवणीचे तास. वर्गाला येणं सुटलं. मला अधूनमधून वाईट वाटतं, मग वाटतं, वर्ग सुटण्यासाठीच असतात. गेल्या रविवारपासून नवी सात मुलं आली आहेत. सातही अतिशय सभ्यपणे कंटाळलेली. मी वही केव्हाच रद्दीत घातली आहे. या रविवारी परात न्यायची.

चार किलो शेंगा ओट्यावर ओतल्या आणि सोलायला बसले. बोटांना सोगडु लागला होता, म्हणून फोन वाजला तो कोपरानंच उघडला. रेवाचा निरोप होता, आवाजातला. "अक्का, आम्ही पण अवरेकाई आणली. पण दाणे किती तास भिजवायचे? आजोबा म्हणतात चार, मी म्हणते पूर्ण नाइट. तुम्ही सांगा ना त्यांना. आणि मी उद्या पहिल्यांदा आमटी करणारे, तर ते..." इथं मागून एक दणदणीत हसणं ऐकू आलं, डेपोत इंजिन सुरू व्हावं तसं. तिला पुढचं बोलताच येईना. तीही हसायला लागली होती.

"बघा ना अक्का," ती कशीबशी म्हणाली, "मी बोलते ना, तर आजोबा हसतात."